नव्वद रत्तल

२ जुलै १९५६, सोमवार

एक्क्याऐंशी! फक्त एक्क्याऐंशी!

पाहिजेत नव्वद. कागदावर स्वच्छ छापलं आहे — उमेदवार मुलीचं वजन नव्वद रत्तलांहून कमी नसावं. अमरावतीला मुलींसाठी व्यायामशिक्षिकेचा वर्षाचा कोर्स, बारा जागा, परीक्षा दहा ऑक्टोबरला. पास झालं की शाळेत ड्रिलची मास्तरीण. पळणं, दोर चढणं, बैठका — ते सारं मी करीन. पण वजन कुठून आणू? बाजारात मिळते का?

वसंतदादा पांढुर्ण्याच्या स्टेशनवर बुकिंग क्लार्क आहे, म्हणून पार्सल ऑफिसच्या काट्यावर उभं राहायला मिळालं. माझ्या आधी काट्यावर कोंबड्यांची टोपली, माझ्यानंतर कुणाची तरी ट्रंक. हमाल हसून राहिले होते. हसा म्हटलं, दात मोजून घेते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाबा आमच्या कापसाच्या आडतीतून आले ते तापूनच. "का रे वसंता, लोक मला विचारतात, भगवंतरावाची पोरगी पार्सलात घातली का?" दादाचा घास तोंडातच. मग माझी पाळी. "मुलगी पाहायला लोक येतात. तोलायला नाही!"

मी म्हटलं, "बाबा, परीक्षा मी देणार."

"दे. पण गावात तमाशा नको."

म्हणजे नाही म्हणाले नाहीत! तारखेसकट इथं लिहून ठेवते. उद्या पलटले तर दाखवता येईल.

३ जुलै

नव्याण्णव दिवस. नऊ रत्तल. अकरा दिवसांना एक.

५ जुलै

मुकुंदराव डॉक्टर वहिनीला पाहायला आले होते. छाया वहिनीला बाळंत होऊन महिना झाला. बाळ — विजय — ठणठणीत आहे, पण वहिनी हातापायानं काडी झाली आहे. खाल्लेलं टिकत नाही तिचं. डॉक्टरांनी नागपूरहून एक डबा मागवायला सांगितला. भुकटी, दुधाची. "यात अमायनो ॲसिड आहेत," म्हणाले.

आई किंचाळलीच. "ॲसिड? सोनाराचं तेजाब पाजता काय लेकराच्या मायला?"

डॉक्टर खूप हसले. मग समजावून सांगितलं, मी कान देऊन ऐकलं. दूध, डाळ, मटण — काही खा, पोटात त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांचं नाव अमायनो ॲसिड. त्याच तुकड्यांतून अंगाचं मांस बनते. डब्यात कंपनीनं दूध आधीच तोडून ठेवलं आहे. ज्याचं पोट अशक्त, त्याला आयतं.

मी लगेच — "डॉक्टर, मला पण एक डबा! मांसच तर पाहिजे मला!"

"तुला कशाला? तुझं पोट म्हणजे गिरणी आहे. वरण-भात एकत्र खा, डाळीत जे कमी ते भातात असते. वरून दूध पी, मेहनत कर. मांस मेहनतीनं चढते, डब्यानं नाही."

पण डब्यासोबतचा इंग्रजी कागद त्यांच्या पिशवीत होता, तो मी मागून घेतला. त्यात एका गोऱ्या माणसाचं चित्र आहे, दंड असा की आमच्या गोदामाचं दार एका हातानं उचलील. खाली लिहिलं आहे की व्यायाम करणाऱ्यांनाही उपयोगी. आता बोला! डॉक्टर चांगला माणूस आहे, पण त्याला कुठं दोर चढायचा आहे?

दादाला सांगितलं — दोन डबे आण. एक वहिनीचा, एक माझा. माझ्या शिकवणीच्या पैशातून.

११ जुलै

डबे आले. शी! शी! शी! सडक्या चपलेचा काढा प्याल्यासारखं. गूळ खाल्ला, लिंबू चोखलं, जिभेवरून जाईना.

वहिनी आणि मी समोरासमोर बसून प्यालो. ती नाक दाबून, मी डोळे मिटून. "वन्सं, तुम्हाला कोणी जबरदस्ती केली होती का?" म्हणे. हसता हसता तिला ठसका लागला.

१२ जुलै

पहाटे आडतीच्या आवारात पळते. चोवीस फेऱ्या म्हणजे मैल. चिंचेला दोर बांधून घेतला. अर्ध्यावर हात सोलले.

१३ जुलै

हात सोललेले. तरी चढले. अर्ध्यावरच.

२२ जुलै, रविवार

एकोणऐंशी!! घटलं!

आता नीट लिहिते. स्टेशनची तर बंदीच झाली. मग बाबा स्वतः म्हणाले, वजनच करायचं ना, रामाजीकडून करून घे, घरच्या घरी. रामाजी आमच्या आडतीतला मापारी. तीस वर्षं कापूस तोलून राहिला. सगळ्या पांढुर्ण्यात रामाजीचा हात म्हणजे हात. शेतकरी बाबांवर विश्वास ठेवत नाहीत, रामाजीवर ठेवतात. बोऱ्याचं, ओलीचं, काडीकचऱ्याचं सारं डोक्यातल्या डोक्यात वजा करतो, कागद लागत नाही, पेन्सिल लागत नाही. सध्या हंगाम नाही, काटा रिकामाच टांगलेला.

मी पाटावर चढायला गेले तर म्हणतो, "बाई, उघडी तराजूत बसशीन तं लोकं काय म्हनतीन? थांब." रिकामा बोरा आणला, मला त्यात उभी केली, कमरेपर्यंत ओढला. मी बोऱ्यात, बोरा तराजूत! वहिनी विजयला घेऊन दारात उभी, तिची हसून हसून पुरेवाट.

रामाजी गंभीर. पहिलं माप ठेवलं — "लाभ हो लाभ!" पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग लहान मापं. काट्याकडं पाहिलं, ओठांतल्या ओठांत पुटपुटला आणि म्हणाला, "एकोनऐंशी."

"रामाजी, पुन्हा पाहा."

"पुन्हा काय पायचं वं? कापूस काय, मानूस काय, काट्याले सारं एकच."

वीस दिवस मर मर मेले. दूध, डाळ, तेजाब. आणि दोन रत्तल घटले!

रात्री दादानं उलगडा केला. "स्टेशनचा काटा जास्तच दाखवते, वेडे. भाडं जास्त मिळावं म्हणून. सगळ्या गावाला माहीत आहे." खुद्द रेल्वेचाच माणूस म्हणतो तर खरंच असेल. म्हणजे मी एक्क्याऐंशी कधी नव्हतेच! देव जाणे, पंचाहत्तरच असेन.

बरं. म्हणजे जास्त चढायचं आहे. चढू.

२३ जुलै

डब्याचा एक चमचा होता, आता दोन. सकाळ-संध्याकाळ.

२७ जुलै

पोट बिघडलं. दोन दिवस पडून. डॉक्टर म्हणाले, "दुप्पट प्याली? बापा! चार विटांच्या जागी आठ आणल्या म्हणून गवंडी दुप्पट भिंत बांधते का?" एक चमचा म्हणजे एकच चमचा, असं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

गवंडी म्हणजे मेहनत. समजलं मला. पण विटा कमी पडल्या तर गवंडी काय माती खाईल?

५ ऑगस्ट

एक्क्याऐंशी. रामाजीच्या काट्यावर. हे खरे एक्क्याऐंशी.

बाबा वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. विदर्भ मुंबई राज्यात जाणार, म्हणजे नागपूर, अमरावती तिकडं. आपला छिंदवाडा जिल्हा इकडं, राजधानी भोपाळ. नागपूर आपल्या उंबऱ्यावर, आणि भोपाळ कुणी पाहिलं आहे? बाबांनी पान उलटलं आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "नोव्हेंबरनंतर अमरावतीवाले तुला परप्रांताची म्हणतील. पुढल्या वर्षीचं धरू नको. गेलीस तर याच वर्षी."

ते मला सांगून राहिले होते की स्वतःला, कळलं नाही. पण ऐकलं मी.

१५ ऑगस्ट

आज मजा झाली! शाळेच्या पटांगणात झेंडावंदन, सगळं गाव हजर. झेंडा वर गेला आणि गाठ अडकली, उलगडेचना. शिपाई दोरी हासडून राहिला, मास्तर घामाघूम. बांबूवर चढायला कोणी तयार नाही.

मी काष्टा घट्ट केला आणि चढले. सरळ. विचारच केला नाही. वर जाऊन गाठ सोडवली, फुलं माझ्याच डोक्यावर पडली. खाली उतरले तर टाळ्या! पोट्ट्यांनी तर शिट्ट्या मारल्या.

मग बाबा दिसले, दुसऱ्या रांगेत. तमाशा नको म्हणाले होते, आणि हा तर बांबूएवढा उंच तमाशा!

संध्याकाळी गवळी आला तेव्हा ओट्यावरून बाबांचा आवाज आला, "उद्यापासून एक शेर दूध जास्त घालत जा रे. नलीसाठी."

रडले मी. चुलीचा धूर म्हटलं आईला.

१९ ऑगस्ट

दोर — पूर्ण! वरच्या फांदीला हात लावला. तीनदा.

२५ ऑगस्ट, शनिवार

पंच्याऐंशी.

चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण माझा डबा संपला. तळाला जे होतं ते बोटानं पुसून खाल्लं. नागपूरला सांगावं तर दादा म्हणतो माल महिनाभर नाही. पाच रत्तल राहिले आणि डबा नाही! दुपारी मी तोंड पाडून बसले होते.

वहिनी आली, पदराखालून तिचा डबा काढला. पाऊण भरलेला. "हा घ्या वन्सं."

"अगं, तुझं औषध आहे ते!"

"मला नाही सोसत. ओकारी येते. आणि मला कुठं पळायचं आहे? चुलीपासून मोरीपर्यंत तर जायचं."

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा घेतला.

१ सप्टेंबर

नव्या राज्यांचा कायदा झाला म्हणे दिल्लीत. एक नोव्हेंबर पक्की. चौकात दोन टोळकी — एक म्हणे आपल्याला नागपुरापासून तोडलं, दुसरं म्हणे राहू द्या हो, कापूस तर नागपूरलाच जाईल. मी मधून पळत गेले. सहा मिनिटांत स्टेशन.

५ सप्टेंबर

काल पोळा, आज गोटमार. सगळं गाव जाम नदीच्या काठावर, इकडचे पांढुर्ण्याचे, तिकडचे सावरगावचे, मध्ये पळसाचं झाड आणि दोन्हीकडून दगडच दगड. दरवर्षी डोकी फुटतात, दरवर्षी जातात. मुकुंदराव डॉक्टर सकाळपासून पट्ट्या कापून बसलेले.

माझं मात्र फावलं! रस्ता रिकामा, ओट्यावर म्हाताऱ्यासुद्धा नाहीत. काष्टा मारून वरुडच्या सडकेनं दोन मैल गेले आणि दोन मैल आले. पाहायला एक कुत्रं. असं मोकळं कधी पळाले नव्हते! वर्षातून चार वेळा गोटमार ठेवायला पाहिजे.

१५ सप्टेंबर

शहाऐंशी. तीन आठवड्यांत एकच. काय करू आणखी? डाळ पिते, दूध पिते, फुटाणे खाते, तेजाब पिते. झोपेत पण चावत असते असं आई म्हणते.

१८ सप्टेंबर

बाबांसोबत मोटारनं सौंसरला. तहसिलीतून रहिवासाचा दाखला पाहिजे होता. कारकून भला माणूस, पण बोलघेवडा. दाखल्यावर शिक्का मारला आणि म्हणतो, "मध्यप्रदेशची रहिवासी. पण बाई, हे मध्यप्रदेश एकतीस ऑक्टोबरपर्यंतच. एक तारखेपासून दुसरं मध्यप्रदेश. नाव तेच, मुलूख वेगळा. तोपर्यंत काय करायचं ते करून घ्या."

परतताना मोहगावच्या फाट्याशी गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्या आजीला गाव जन्मभर भगवंताची आई म्हणूनच ओळखायचं, तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं." बस, एवढंच.

२४ सप्टेंबर

विजयला आता वरचं दूध लावलं. वहिनीचं दूध आटून राहिलं आहे. आई म्हणते, होते असं एखादीला.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

सकाळी वहिनी विहिरीवर चक्कर येऊन पडली. घागर फुटली, नशीब ती काठाच्या बाहेर पडली. मी आवारात दोरावर होते, धप्प आवाज ऐकून धावले. उचललं तिला. इतकी हलकी! मी एका दमात घरात आणली, श्वासही चढला नाही. आणि त्या वेळी माझ्या मनात काय आलं? की माझे हात मजबूत झाले आहेत. लाज नाही वाटली तेव्हा. आता वाटते.

मुकुंदराव आले. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "डबा घेऊन राहिली ना रोज?"

वहिनी म्हणाली, "हाव."

मी दाराशीच उभी होते. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही तिनं. मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य — डॉक्टर, डबा मी खाते आहे. नाही बोलले. चार रत्तल राहिले होते.

२९ सप्टेंबर

डबा परत नेऊन दिला. पाव उरला आहे. वहिनीनं पुन्हा माझ्या हातात कोंबला. "आता पाव डब्यानं माझं काय होते? तुमचं तरी होऊ द्या. निदान या घरातली एक बाई तरी आपल्या मनासारखी कुठं जाऊ द्या."

मी म्हटलं, "मी गेले की पहिल्या दिवशी तुला डबा पाठवीन."

"पाठवा. पण गूळ पण पाठवा सोबत. मेला फार कडू आहे."

३० सप्टेंबर

सत्त्याऐंशी.

४ ऑक्टोबर

दादाचा सल्ला — जायच्या आधी दोन लोटे पाणी पी, आणि लुगड्याच्या काठात शिसं शिवून घे, तीन रत्तल सहज लपतात. स्टेशनवर लोक कायकाय करतात ते रोज पाहतो तो, म्हणून अक्कल तशीच चालते.

मी म्हटलं, चोरून भरलेलं वजन घेऊन मी शाळेतल्या पोरींना सरळ उभं राहा म्हणू का? नाही. जितकी आहे तितकी जाईन.

७ ऑक्टोबर, रविवार

शेवटचं वजन. बोऱ्यात उभी राहिले. लाभ हो लाभ. रामाजी पुटपुटला. सत्त्याऐंशी. जागचं हललं नाही.

रामाजीलाच वाईट वाटलं. काट्याची साखळी धरून म्हणाला, "बाई, माल चांगला हाये. तीन रत्तलासाठी कोनी फिरवत असन तं त्यायले म्हना, रामाजीले भेटा."

तीन कमी. तरी जाणार. दोर चढून दाखवीन, पळून दाखवीन, आणि मग म्हणीन, आता करा कमी-जास्त. फार तर नाही म्हणतील. घरी बसून नाही ऐकण्यापेक्षा तिथं उभं राहून ऐकीन.

९ ऑक्टोबर, अमरावती

बाबांसोबत वरुड-मोर्शीच्या मोटारनं आले. वहिनीनं बरोबर फुटाण्याचे लाडू दिले आहेत. उठवत नाही तिला, तरी पहाटे बसून वळले. बाबा धर्मशाळेत घोरून राहिले. मला झोप नाही.

१० ऑक्टोबर, बुधवार

ब्याण्णव!!

पांढरं लुगडं नेसलेल्या एक बाई, चष्मेवाल्या, वजनाला बसलेल्या. उभं राहायचा काटा, काचेमागे सुई. मी आधीच सांगून टाकलं — "बाई, मी सत्त्याऐंशी आहे. तीन कमी आहेत. पण माझा दोर पाहून घ्या."

त्यांनी सुई पाहिली. मला पाहिलं. "कोण म्हणालं सत्त्याऐंशी?"

"आमचे मापारी. तीस वर्षं तोलून राहिले."

"मग चष्मा घ्या म्हणावं त्यांना. ब्याण्णव आहेस तू."

मी उतरले, पुन्हा चढले. ब्याण्णव. तिसऱ्यांदा चढले तेव्हा त्या रागावल्या.

दोर — पहिली! अर्धा मैल — तिसरी. बैठका शंभर, बाजूची वर्धेची मुलगी सत्तरावर बसली. बाहेर येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. असं दोनदा केलं. मग म्हणाले, "चल, जिलबी खाऊ. आता वजनाचं भय नाही."

१२ ऑक्टोबर

यादी लागली. चौथं नाव. नलिनी भगवंतराव, मुक्काम पांढुर्णा.

२२ ऑक्टोबर

वसतिगृहात आले. बारा खाटा, एक आरसा. पहाटे पाचला शिट्टी. दुपारी एका मास्तरांचं व्याख्यान, शरीर कशानं वाढते यावर. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला — "अमायनो ॲसिडनं!" मास्तर चकित. मग म्हणाले, बरोबर, पण निरोगी माणसाला ती जेवणातूनच पुरतात, डबे आजाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी.

खाली बसले.

२६ ऑक्टोबर

वहिनीला पत्र टाकलं. रामाजी लिहीत-वाचत नाही, म्हणून त्याला टोमणा तिच्यामार्फतच — रामाजीला म्हणावं, तीस वर्षांचा हात बाईमाणसाच्या वजनाला कसा चुकला? इथं ब्याण्णव भरले! आणि दादाला म्हणावं, स्टेशनच्या काट्याला नावं ठेवू नको आता!

वहिनीसाठी डबा घ्यायचा आहे. पहिल्या सुट्टीत पाहू. आधी बूट पाहिजेत, अनवाणी पळू देत नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार

मी खाटेवरच होते आणि परप्रांतात गेले. सकाळी मैदानावर सगळ्यांना सांगितलं, आजपासून आपण मुंबई राज्यात. वर्धेची मुलगी माझ्या कानात — "तू तर परकी झालीस गं!" मी म्हटलं, दोरावर ये, मग सांगते कोण कुठली. उद्या दिवाळी. घराची आठवण खूप येऊन राहिली आहे. ओट्यावर आईची रांगोळी असेल.

६ नोव्हेंबर, मंगळवार

वहिनीचं पत्र. अक्षर फार वाकडं — पडून लिहिलं म्हणते.

"रामाजीला विचारलं. ते रागावलेच. म्हणाले, हात चुकला नाही. बोऱ्याचं वजन तर काढलंच, वरून मालाची कटती वजा केली — ओलीचे तीन, काडीकचऱ्याचे दोन, पावसाचे दिवस होते ना. दर बोऱ्यामागे पाच धरतातच, मालक असो की मालकाची पोरगी. मी तर हसून हसून मेले, वन्सं! पाच कमी सांगत होते दर वेळी!"

मागची पानं काढली. पंचवीस ऑगस्ट. पंच्याऐंशी. आणि पाच.

नव्वद मी त्याच सकाळी भरले होते. वहिनीनं डबा त्याच दुपारी दिला.

बूट राहू दे.